वाचकांचे प्रश्न : टोर्नेडोच्या आठवणी कितपत खऱ्या?

प्रश्न : अमेरिकेतील टोर्नेडोंतून वाचलेल्या लोकांच्या आठवणी अलीकडे वाचनात आल्या. जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की आगगाडी अंगावर येत असल्यासारखा आवाज झाला, कानांत दडे बसले आणि ते क्षण संपता संपेनात. हे सारे प्रत्यक्ष अनुभवलेले मानावे, की एकाचे ऐकून दुसरा तेच सांगतो? आणि एकदा वाचलेला माणूस पुढच्या वेळी अधिक सावध होतो का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे साक्षीदारांच्या बाजूने द्यावे लागेल. (टोर्नेडोला आपल्याकडे सर्रास चक्रीवादळ म्हटले जाते, ते टाळलेले बरे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस टिकते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी वादळातून जमिनीपर्यंत उतरलेला, बहुधा दहा मिनिटांच्या आत विरून जाणारा हवेचा भोवरा.)

कानांचा अनुभव तर उपकरणांनीच खरा ठरवला आहे. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटा राज्यातील मँचेस्टरजवळ टोर्नेडोंचे संशोधक टिम समारास यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्रावर हवेचा दाब १०० मिलिबारने घटल्याची नोंद झाली. जमिनीपासून सुमारे एक किलोमीटर उंच गेल्यावर दाब जितका कमी होतो, तितका तो तेथे काही सेकंदांत उतरला होता. तेव्हा कानांत दडे बसले नसते तरच नवल. आगगाडीची उपमा मात्र उसनी असू शकते, कारण काही जण धबधबा तर काही जण विमानाचे इंजिन सांगतात. परंतु तिच्यामागचा सलग, खोल, जमीन हादरवणारा घुमारा सर्वांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो.

या संदर्भात कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग गावाजवळचे शेतकरी विल केलर यांची साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते. २२ जून १९२८ रोजी कुटुंबाला तळघरात उतरवून दार लावण्यापूर्वी त्यांनी वळून पाहिले, तेव्हा ढगाची सोंड नेमकी त्यांच्या डोक्यावर लोंबत होती. खाली सारे निश्चल होते, उग्र वास येत होता, श्वास घेणे कठीण झाले होते, आणि सोंडेच्या टोकातून किंचाळल्यासारखा फूत्कार ऐकू येत होता; आतली पोकळी विजांनी उजळत होती आणि तिच्या काठावर छोटे भोवरे तयार होऊन सुटे होत होते. ही हकिकत १९३० मध्ये अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात छापली गेली. मोठ्या टोर्नेडोच्या पोटात असे उपभोवरे असतात, हे टोर्नेडोंचे अभ्यासक टेड फुजिता यांनी नुकसानीच्या खुणांवरून दाखवून दिले ते त्यानंतर चार दशकांनी. केलर यांनी सांगितलेली पोकळीची रुंदी आणि उंची मात्र मी शब्दशः घेणार नाही, कारण डोक्यावरच्या अंधाऱ्या पोकळीत अंतर मोजायला आधारच नसतो.

वेळेचेही तसेच आहे. एका घरावरून टोर्नेडो जायला कित्येकदा मिनिटभरही लागत नाही. भीतीच्या क्षणांची आठवण इतकी दाट साठते की मागे वळून पाहताना ते क्षण लांबलेले भासतात.

उलट, सर्वांना ठाऊक असलेले चित्र काही आठवणींत नसते, हेही त्यांच्या खरेपणाचे लक्षण म्हणता येईल. १८ मार्च १९२५ रोजी मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर गेलेल्या टोर्नेडोने ६९५ बळी घेतले, पण वाचलेल्यांपैकी अनेकांनी सोंड पाहिलीच नव्हती. त्यांना दिसला तो जमिनीवरून लोळत येणारा काळा ढग, आणि म्हणूनच तो काय आहे हे त्यांना वेळेत उमगले नाही.

आपला दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे, कारण आठवण खरी असली तरी तिच्यातून घेतलेला धडा खरा असेलच असे नाही. मिझुरीतील जॉप्लिन शहरात २२ मे २०११ रोजी टोर्नेडोचा इशारा देणारे भोंगे वाजले, तरी पुष्कळ रहिवासी लगेच आसऱ्याला गेले नाहीत. यापूर्वी कितीदा तरी भोंगे वाजूनही काही घडले नव्हते, हीच त्यांची आठवण होती, आणि त्या दिवशी दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्याहून बोलके उदाहरण कॅन्ससमधील एका पुलाचे. १९९१ मध्ये महामार्गावरील पुलाखाली, तुळयांलगत दडून बसलेली काही माणसे वाचली, त्याची चित्रफीत देशभर दाखवली गेली आणि पूल म्हणजे आसरा अशी समजूत रुजली. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील टोर्नेडोत पुलांखाली आश्रय घेतलेल्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला व अनेक जण गंभीर जखमी झाले, कारण पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा अधिक वेगाने घुसतो आणि उडता राडारोडा तेथूनच आरपार जातो. १९९१ चा भोवरा तुलनेने दुबळा होता आणि पुलावरून नेमका गेलाही नव्हता. चित्रफीत पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते.