अध्यक्षांची जीभ आणि कंपनीचा काटा

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. आमच्या काट्यावर सोयाबीनचा ओलावा जास्त दाखवून कट्ट्यामागे कपात केली जाते, असा व्हिडिओ एका सभासद कास्तकाराने फेसबुकवर टाकला. त्याखाली आमच्या अध्यक्षांनी, ‘तुह्या सोयाबीनात माती अन् तुह्या डोस्क्यातबी मातीच हाय,’ असे लिहिले आणि पुढे त्याचे कर्ज व घरातील भांडणही चव्हाट्यावर आणले. आता तो मजकूर, मी अ‍ॅडमिन असलेल्या सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत आहे. अध्यक्ष म्हणतात, ‘खाते माझे खासगी आहे, आणि इलॉन मस्क साऱ्या जगाला शिव्या घालतो, त्याचे काय बिघडले?’ त्यांना काय उत्तर द्यावे? माझ्यावर काही बालंट येईल का?

उत्तर : आपल्या अध्यक्षांचा दाखला अगदीच खोटा नाही, हे आधी मान्य करू. जुलै २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या १२ मुलांसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकासाठी मस्क यांनी छोटी पाणबुडी पाठवली. तिला दिखावा म्हणणाऱ्या ब्रिटिश गुहातज्ज्ञाविषयी त्यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाचा आरोप सुचवणारा शब्द ट्विटरवर वापरला, नंतर माफीही मागितली, तरी प्रकरण न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने मस्क यांच्याच बाजूने कौल दिला. मात्र असा खटला लढवण्याइतका पैसा आपल्या कंपनीच्या तिजोरीत आहे काय, हे अध्यक्षांना अवश्य विचारावे.

‘खाते माझे’ हा मुद्दा मात्र त्याच मस्क यांच्या बाबतीत टिकला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये टेस्ला शेअर बाजारातून काढून घेण्यासाठी पैशांची सोय झाली आहे, असे त्यांनी स्वतःच्या खात्यावरून जाहीर केले. ती शिवी नव्हती, पण शब्द खुर्चीवरच्या माणसाचा होता. अमेरिकेच्या बाजार नियामकाशी झालेल्या तडजोडीत मस्क यांना आणि टेस्लाला प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले, तर मस्क यांना तीन वर्षांसाठी अध्यक्षपद सोडावे लागले. ते ट्विट कंपनीने लिहिले नव्हते, तरी भुर्दंड तिलाही बसला.

आपल्या प्रकरणाशी खरे साम्य आहे ते ओला इलेक्ट्रिकच्या वादाचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांनी दुरुस्तीसाठी खोळंबलेल्या स्कूटरांचे छायाचित्र टाकून ग्राहकांचे गाऱ्हाणे मांडले. त्यावर कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी, हे पैसे घेऊन लिहिलेले असल्याचा आरोप केला आणि कामरा यांच्या फसलेल्या कारकिर्दीवर टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ८ टक्क्यांनी उतरला. त्या दिवशी सारा बाजारच खाली होता, त्यामुळे सगळे खापर भांडणावर फोडणे योग्य नाही. पण तक्रार स्कूटरची होती आणि उत्तर माणसाच्या लायकीवर दिले गेले, त्यामुळे ज्यांना त्या स्कूटरांशी काही देणेघेणे नव्हते त्यांनीही ते छायाचित्र पाहिले. आपल्याकडेही तेच झाले आहे. त्या कास्तकाराने ओलाव्याबद्दल विचारले होते. त्याचे उत्तर ओलावा मापकाच्या आकड्याने द्यायचे सोडून अध्यक्षांनी त्याचे घर काढले, आणि कपात खरोखर जास्त होती की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. (माझ्या मते तो प्रश्न आपण आम्हालाही थोडा घाईनेच सांगितला आहे.)

कायद्याचे थोडक्यात सांगतो. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हा अदखलपात्र गुन्हा असल्यामुळे फिर्यादीला दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. नुसत्या शिवीपेक्षा कर्ज व घरच्या भांडणाबद्दलचा मजकूर अध्यक्षांना अधिक अडचणीत आणू शकतो. आपल्यापुरते म्हणाल, तर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात असे स्पष्ट केले आहे, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर गटातील दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही तो मजकूर आपण स्वतः पुढे पाठवू नये, आणि गटावरून काढून टाकावा.

पारावर झालेली तोंडातोंडी पोळ्यापर्यंत मिटते. स्क्रीनशॉटचे तसे नसते. म्हणून अध्यक्षांनी जिथे लिहिले तिथेच, ‘पण’ न घालता, माफी मागणे इष्ट. त्यानंतर संचालक मंडळाच्या सभेत ठराव करावा, की कंपनीविषयीच्या तक्रारीला सचिव किंवा व्यवस्थापक लेखी उत्तर देतील आणि अध्यक्ष समाजमाध्यमांवर सभासदांशी वाद घालणार नाहीत. त्या कास्तकाराला बोलावून, त्याच्यासमोर त्याचाच नमुना आपल्या आणि दुसऱ्या एखाद्या ओलावा मापकावर तपासावा. फरक निघाला, तर कापलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा करावी आणि ती केल्याचे त्याच गटावर कळवावे. तुरीची आवक सुरू होण्यापूर्वी हे उरकले, तर काट्यावर येणारा पुढचा कास्तकार मोबाइल काढण्याआधी आपल्या व्यवस्थापकाशी बोलून पाहील.