अंतराळातल्या आरमारी पायदळाला मराठी हुद्दे

प्रश्न एका विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा आहे. त्यांच्या कथेत ग्रहाग्रहांमधून फिरणारे एक 'स्पेस मरीन कोअर' आहे. त्याला 'अंतराळ नौसैनिक दल' म्हणावे का, आणि कॉर्पोरल, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कर्नल या हुद्द्यांना मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

'नौसैनिक' नको. हा शब्द वाचला की मराठी माणसाला पांढऱ्या गणवेशातला, जहाज चालवणारा नौदलाचा जवान दिसतो. मरीन राहतो जहाजावर, पण जहाज चालवत नाही. शत्रूच्या जहाजावर चढून जाणे, किनाऱ्यावर उतरून लढणे, आपल्या जहाजाची राखण करणे ही त्याची कामे. इंग्लंडात १६६४ साली असे दल उभे राहिले तेव्हा त्याच्या नावातच 'रेजिमेंट ऑफ फूट' होते, म्हणजे उघड उघड पायदळ. रशियन आणि स्पॅनिशमध्येही मरीनना 'समुद्री पायदळ' अशाच अर्थाचे शब्द आहेत. आपल्याकडे घोटाळा होतो त्याला 'बॉम्बे मरीन' हे जुने नावही थोडे कारण असावे. ते ईस्ट इंडिया कंपनीचे अख्खे आरमारच होते, त्याचा या अर्थाच्या मरीनशी संबंध नाही.

म्हणून माझी शिफारस 'आरमारी पायदळ'. यानांचा ताफा ते 'अंतराळ आरमार', आणि त्यावरचे लढवय्ये ते 'आरमारी पायदळ'. साध्या जवानाला 'आरमारी शिपाई' म्हणा. जिथे पायाखाली जमीनच नाही तिथे पायदळ कसले, असे कुणी म्हणेल. पण भारतीय सेनेत रणगाड्यात बसणाऱ्या जवानाचा हुद्दा आजही 'सवार' आहे, त्याच्या वर दफेदार आणि रिसालदार. घोडा गेला तरी सवार राहिला. 'कोअर'साठी 'दल' पुरेसे आहे. कोअर हा शब्द आपण सेनेच्या बातम्यांत हजारो सैनिकांच्या एका मोठ्या फौजेसाठीही वाचतो, तो अर्थ इथे नको.

आता हुद्दे. इथे माझा आग्रह असा की इंग्रजी शिडीची एकेक पायरी घेऊन तिला संस्कृत प्रतिशब्द चिकटवत बसू नये. 'उपपथकप्रमुख' हा शब्द अर्थाने बरोबर असेल, पण स्फोट होत असताना तो ओरडून बघा. हुद्द्याचा शब्द हाकेत बसला पाहिजे. आधी तुमच्या दलात कुणाच्या हाताखाली किती माणसे आहेत ते ठरवा, मग त्या मापाचा शब्द शोधा. आणि हे माप मराठीत तयार आहे.

शिवकालीन पायदळाची जी रचना बखरीतून कळते ती अशी: सुमारे दहा माणसांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि सगळ्या पायदळाचा सरनौबत. येसाजी कंक हे पायदळाचे सरनौबत. दोन हवालदारांचा जुमला धरला तर हिशेब कसा चोख बसतो पाहा: दहा, पन्नास, शंभर, हजार. अमेरिकी मरीनमध्ये चारांची टोळी, अशा तीन टोळ्या आणि एक म्होरक्या मिळून तेरा जणांचे पथक, असा तीन-तीनचा हिशेब दीर्घकाळ चालला. तो तुम्हाला घ्यायलाच हवा असे नाही. तुमच्या चढाईच्या होडीत दहा माणसे मावत असतील, तर एक होडी म्हणजे एक नाईक. कथेतली लढाई वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच मांडली जाईल.

तेव्हा कॉर्पोरलच्या जागी नाईक आणि सार्जंटच्या जागी हवालदार ठेवा. भारतीय सेनेतही हीच जोडी चालते. कॅप्टनच्या जागी जुमलेदार, आणि लेफ्टनंट हवाच असेल तर नायब जुमलेदार. 'नायब' म्हणजे दुय्यम, हे नायब तहसीलदारामुळे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. कर्नलच्या जागी हजारी. 'लान्स नाईक' तसाच ठेवायला माझी हरकत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. मराठीत 'हवालदार' म्हटले की चौकातला पोलीस डोळ्यांपुढे येतो. हा शब्द मुळात किती भारदस्त होता! 'हवाला' म्हणजे ताबा, आणि ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. किल्ल्याच्या मुख्य अधिकाऱ्यालाही हवालदारच म्हणत. तरी मी तो सोडणार नाही. पहिल्याच प्रकरणात हवालदाराला पन्नास माणसे घेऊन एखाद्या यानावर चढवा, वाचक चौक विसरेल. 'जमादार' मात्र टाळा. तोही एके काळी सेनेतला मानाचा हुद्दा होता, पण आता शब्दाचा रंग इतका बदलला आहे की एका प्रकरणाने तो परतणार नाही.

आता यान चालवणाऱ्यांकडे या. मरीनांची गोष्ट लिहिताना दोन शिड्या वेगळ्या ठेवणे फार गरजेचे आहे, आणि इंग्रजी शब्द घेतले की नेमके इथेच घसरायला होते. भूदलातला कॅप्टन मेजरच्याही खाली असतो, नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. एकाच यानावर दोन्ही कॅप्टन आले की वाचक गोंधळतो. अमेरिकेने २०१९ मध्ये अंतराळ दल स्थापन केले तेव्हाही हुद्दे नौदलाचे घ्यावेत की हवाईदलाचे यावर वाद झाला. नौदलाच्या हुद्द्यांची तरतूद तिथल्या प्रतिनिधिगृहाने मंजूरही केली होती, पण अंतिम कायद्यात ती राहिली नाही.

मराठीत हा पेच सहज सुटतो, कारण समुद्रावरचे शब्द आपल्याकडे वेगळेच आहेत. खलाशी, त्यांच्यावर तांडेल, मग सारंग, आणि जहाजाचा धनी नाखुदा किंवा नाखवा. कोकणातल्या बंदरांवर यांतले शब्द आजही कानावर पडतात, आडनावांतही टिकले आहेत. यानाच्या प्रमुखाला नाखुदा म्हणा, किंवा पोर्तुगीजांकडून आलेला 'कप्तान' घ्या. मग नाखुदा आणि जुमलेदार यांचे भांडण लिहिताना कोण कुठल्या शिडीवरचा हे सांगावे लागणार नाही. अशी भांडणे तुमच्या कथेत असावीत, जहाजावर राहणाऱ्या शिपायांची निम्मी गोष्ट तीच असते.

ताफ्याच्या प्रमुखाला 'सरखेल' याहून चांगला शब्द मला माहीत नाही. कान्होजी आंग्रे सरखेल होते म्हणून आपल्याला तो समुद्राचाच वाटतो. पण यातला 'खेल' अरबीतून आला आहे आणि त्याचा अर्थ घोडेस्वारांची तुकडी. 'ॲडमिरल'च्या पोटातही अरबी 'अमीर' आहे, नुसता सेनापती, समुद्राचा काही संबंध नाही. 'सारंग' हा फारसी 'सरहंग', तोही सेनानायकच. जमिनीवरचे शब्द समुद्रावर गेले आणि तिथलेच झाले. तेच शब्द आता अंतराळात गेले तर ते उपरे वाटण्याचे कारण नाही.

एक हुद्दा इंग्रजी शिडीत नाही, तरी तो जरूर घ्या: सबनीस. शिवाजी महाराजांच्या पायदळात जुमलेदाराबरोबर हिशेब ठेवणारा सबनीस असे, हजारीबरोबरही असे. ज्या यानात प्राणवायू, पाणी आणि इंधन मोजून वापरायचे आहे, तिथे जुमल्याचा सबनीस हा फार महत्त्वाचा माणूस ठरेल. हल्ला करायचा की नाही हे जुमलेदार ठरवील, पण परत येण्याइतका प्राणवायू आहे का ते सबनीस सांगेल.

स्त्रियांसाठी हेच हुद्दे जसेच्या तसे ठेवा. 'हवालदार म्हणाल्या', 'हजारी आल्या' असे क्रियापदानेच सगळे कळते. विशेषतः 'नाईक'चे स्त्रीलिंगी रूप करायला जाऊ नका. 'नायकीण' या शब्दाला मराठीत आणि कोकणीत जुना, अगदी वेगळा अर्थ चिकटलेला आहे. हाक मारताना नाइकाला नुसते 'नाईक', हवालदारापासून वर 'साहेब' लावा, आणि बाई असतील तर 'हवालदारबाई' न म्हणता 'हवालदारसाहेब'च म्हणा. तुमच्या त्या शतकात हे सगळ्यांना सवयीचे झालेले असेल.