‘काकांचा आवाजच आठवत नाहीये’

माणूस जाऊन सहा-आठ महिने झाले की लोक माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतात: "चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, आवाज आठवत नाही. मी त्यांना विसरत चाललेय का?" गेलेली व्यक्ती काका किंवा आत्या असेल, तर पाठोपाठ हेही येतं: "तसे काकाच होते, मग मला एवढं का होतंय?" भोवतालचे ज्याला दुःख म्हणून मोजतच नाहीत, अशा दुःखाला शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली ‘डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ’ असं स्वतंत्र नाव दिलं. नात्याच्या नावावरून दुःखाचं माप ठरत नाही, एवढं तरी लोकांना सांगून टाकावं लागतं.

तिशीतली एक पुतणी (ओळख पटेल असे तपशील बदललेत). काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. घरच्यांनी आठवणलेखाचं काम हिच्यावर टाकलेलं, आणि चार वेळा सुरुवात करून तिने कागद फाडलेले.

"काय लिहिलं होतंत?"

"हुशार, शिस्तीचे, प्रेमळ. पुढे काही सुचतच नाही."

सुचणार कसं? विशेषणाला आठवण चिकटत नाही. ती वस्तूला, वासाला, हाताच्या हालचालीला चिकटते. त्यात शेवटच्या आजारपणाची दृश्यं ताजी असतात, आधीची तीस वर्षं त्यांच्याआड जातात.

त्यांची वापरातली एखादी वस्तू आणा, म्हटलं. तिसऱ्या भेटीत तिने मायक्रोमीटर, म्हणजे वस्तूची जाडी बारकाईने मोजायचं हत्यार, आणला. कसा वापरतात ते दाखवायला सांगितलं. तिने तो मिटवून आधी शून्य जुळतंय का पाहिलं. मग टेबलावरचं कार्ड त्यात धरलं, टोकाची छोटी मूठ (रॅचेट) टकटक वाजेपर्यंत फिरवली आणि आकडा वाचला. पेटीत ठेवताना मात्र दोन फेरे उलटे फिरवून एक मिलिमीटरची फट ठेवली.

"ही फट कशाला?"

"मिटवून ठेवायचा नाही ना. तोंडं टेकून राहिली की गंज धरतो, उष्णतेने धातू प्रसरण पावला की ताण येतो." ती थबकली. "हे मला कोणी सांगितलं?"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं हे या कामातलं निम्मं कसब, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

"'टेकवू नकोस गं, श्वास घेऊ दे त्याला,'" ती म्हणाली. ‘गं’वरचा लांबलेला हेल तिचा नव्हता. तिलाही तो ऐकू आला.

हाताला लागलेलं वळण वेगळ्या वाटेने साठतं; कधी, कुठे शिकलो हे विसरलं तरी टिकतं. म्हणून मी कोणालाही चेहरा आठवण्याच्या मागे लागू देत नाही. गेलेल्याला सोडून पुढे जा, या जुन्या सल्ल्यापेक्षा नातं रूप बदलून चालू राहतं, ही मांडणी मला जवळची वाटते.

लिहायचंच असेल तर जन्म-शिक्षण-नोकरी या क्रमाने लागू नका, बायोडेटा होतो. पोस्टकार्डाएवढे कागद घ्या आणि एका कागदावर एकच प्रसंग, पाच-सहा ओळींत: कुठे, हातात काय होतं, नेमके शब्द कोणते. दिवसाला वीस मिनिटं पुरेत; झोपण्याच्या तोंडावर नको. जुन्या सहकाऱ्यांना "कसे होते?" विचारलं की "देवमाणूस" एवढंच मिळतं. "यंत्र अडलं की आधी काय तपासायचे?" असं विचारा, मग बघा. फोनमधले त्यांचे आवाजी निरोप आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फोन बदलताना बरेचदा तेच राहून जातात. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. आणि त्यांचा चिडका स्वभाव गाळू नका, नाहीतर हाती नुसती तसबीर उरते.

सहा महिने उलटूनही दिवसभर गेलेल्या माणसाचीच ओढ असेल, झोप आणि काम कोलमडलेलं असेल, तर मात्र कागदांवर भागवू नका, तज्ज्ञांना भेटा.

तिच्याकडे आता चव्वेचाळीस कागद झालेत. एकावर एवढंच आहे: ‘स्क्रू ड्रायव्हर जागेवर नसला की तासभर कोणाशी बोलायचे नाहीत. बहुतेक वेळा तो त्यांच्याच खिशात असायचा.’