ड्राफ्ट आलाय ना? मग आधी सेक्शन एफ वाचा

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक सहा वर्षांचा आहे, बोलणं उशिरा आलं, इंग्लंडातल्या तुमच्या कौन्सिलकडून ईएचसीपीचा (मुलाच्या खास गरजा आणि त्यासाठीची मदत लिहिलेला कायदेशीर प्लॅन) ड्राफ्ट आलाय, आणि सरकार ही सगळी व्यवस्थाच बदलणार म्हणतंय, तर आता भांडण्यात अर्थ आहे का? आमच्या घरी अगदी हाच प्रश्न होता, म्हणून सविस्तर लिहिते.

थांबू नका. बदलांच्या गोष्टी मी २०२२ च्या ग्रीन पेपरपासून (सरकारचा चर्चेसाठीचा प्रस्ताव) ऐकतेय. २०२३ मध्ये आराखडा आला, मग सरकार बदललं, मग नवी श्वेतपत्रिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढच्या वर्षावर ढकलली. साध्या शाळेतच लवकर मदत मिळावी हे मलाही मनापासून हवंय. पण त्यासाठी प्लॅन कमी मुलांना द्यायचे ठरलं तर कायद्याचा आधार जातो, आणि मला भीती त्याचीच आहे. तरीही प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. पार्लमेंट मुलं आणि कुटुंबांविषयीचा २०१४ चा कायदा बदलत नाही तोवर प्लॅनच्या सेक्शन एफमध्ये लिहिलेली मदत देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे.

मात्र ‘लिहिलेली’ हा शब्द लक्षात ठेवा. आम्ही तिथेच चुकलो.

आमच्या ड्राफ्टमध्ये होतं, ‘गरजेनुसार स्पीच थेरपीचा नियमित लाभ मिळावा.’ नियमित म्हणजे दर आठवड्याला, असं आम्ही धरून चाललो. मी फोनवर विचारलंही. समोरून उत्तर आलं, ‘आता हो म्हणा, नाहीतर उशीर होईल, आकडे ॲन्युअल रिव्ह्यूला, म्हणजे प्लॅनच्या वार्षिक आढाव्याला, घालू.’ आम्ही त्याच संध्याकाळी होकाराची मेल पाठवली. पहिल्या टर्ममध्ये थेरपिस्ट एकदा आली, टीएच्या (वर्गातल्या मदतनीसाच्या) हातात एक कागद देऊन गेली. तक्रार केली तर कौन्सिल म्हणालं, नियमित म्हणजे किती हे प्लॅनमध्ये नाही. आणि ते खरंच नव्हतं! फोनवरच्या त्या बोलण्याची कुठे नोंदच नव्हती. फायनल प्लॅनच्या पत्रापासून अपिलाला दोन महिने असतात, ते केव्हाच उलटले होते. पोराचं अख्खं वर्ष गेलं. ते वर्ष अजून आठवलं की घशाशी येतं.

ड्राफ्टवर म्हणणं मांडायला किमान १५ दिवस मिळतात. सेक्शन एफचं एकेक वाक्य घ्या आणि विचारा: कोण करणार, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, एकट्याला की गटात, करणाऱ्याचं प्रशिक्षण काय? ‘थेरपिस्टसोबत आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, शिवाय तिने आखून दिलेला सराव टीएकडून रोज १५ मिनिटं’ असं हवं. मदत सहसा आकड्यांत मांडावी, असं २०१५ च्या कोड ऑफ प्रॅक्टिसमध्येच (या मदतीविषयीची सरकारी मार्गदर्शिका) आहे. मूळ रिपोर्ट मोघम असेल तर प्लॅनही मोघमच होतो. थेरपिस्टकडून रिपोर्टमध्ये आकडे लिहून घ्या. खासगी रिपोर्टवर पैसे घालण्याआधी हे करावं, असं माझं मत आहे.

फोन झाला की त्याच दिवशी मेल टाका, ‘आज आपण असं म्हणालात.’ तिथल्या लोकांवर ताण आहे, मान्य. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडात सहा लाख ३८ हजारांहून जास्त प्लॅन होते, आणि २०२४ मध्ये निम्म्याहून कमी नवे प्लॅन २० आठवड्यांच्या मुदतीत निघाले. पण त्या ताणाची किंमत मुलाने का मोजायची?

मुदत हुकलीच तर ॲन्युअल रिव्ह्यू आहे. मीटिंगनंतर चार आठवड्यांत कौन्सिलने निर्णय द्यायचा असतो, आणि ‘बदल नाही’ म्हणाले तरी अपील करता येतं. आम्ही आकडे तिथेच मिळवले. अपिलाआधी मीडिएशनचं (मध्यस्थीचं) सर्टिफिकेट लागतं (वाद फक्त शाळेच्या नावाचा असेल तर नाही), पण मीडिएशनला बसायलाच हवं असं नाही.

आणखी एक. ‘घरात मराठी बंद करा’ असं आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही चार महिने ऐकलं. आजीशी फोनवर बोलणारं पोर गप्प झालं. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. घरची भाषा सोडू नका, आणि ‘घरी दुसरी भाषा आहे, थांबून बघू’ हे उत्तरही शाळेकडून घेऊ नका.

व्हिसावर असाल तर ईएचसीपी मागायला घाबरू नका, ते ‘पब्लिक फंड्स’मध्ये (बऱ्याच व्हिसांवर बंदी असलेले सरकारी लाभ) येत नाही. डीएलए (अपंगत्वासाठीचा भत्ता) मात्र येतो, त्याचा अर्ज सल्ला घेतल्याशिवाय भरू नका.

मी वकील नाही, आणि हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स-स्कॉटलंडचे नियम वेगळे. इप्सी (IPSEA) या मदतसंस्थेच्या साइटवर पत्रांचे नमुने फुकट मिळतात, तुमच्या कौन्सिलच्या हद्दीतलं सेन्डियासही (SENDIASS, पालकांसाठीची सल्लासेवा) मोफत आहे. सेक्शन एफमधली वाक्यं मुलाचं आणि शाळेचं नाव काढून इथे टाका, आज रात्री बघते. आणि ड्राफ्टच्या पत्रावरची तारीख कळवा, १५ दिवसांतले किती उरलेत ते आधी मोजू.