१ किलो ४०० ग्रॅमच्या चादरीला चार किलोचं भाडं का लागतं?

तुम्ही विचारलंय : सोलापूरहून चादरी आणि टर्किश टॉवेल ऑनलाइन विकता, चादर भरते १ किलो ४०० ग्रॅम, पण शिपिंग कापलं जातं चार किलोचं. वजनाची मर्यादा नक्की असते किती, खर्च कमी कसा करायचा, आणि बहिणीच्या ओळखीतून अमेरिकेतही माल पाठवायचा झाला तर काय? आम्ही साताऱ्याहून गोधड्या आणि दुलया पाठवतो. हलका पण फुगीर माल म्हणजे काय दुखणं असतं ते रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुरिअर कंपनी प्रत्येक पुडक्याची दोन वजनं काढते. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. येईल ते व्हॉल्युमेट्रिक वजन, किलोमध्ये. दोन्हींत जे जास्त, त्याचं भाडं. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि बहुतेक कुरिअर हाच ५००० चा भाजक धरतात. तुम्ही खोक्याचं माप ४० × ३० × १५ दिलंय. गुणाकार १८,०००, भागिले ५००० म्हणजे ३.६ किलो. भाडं वजनाच्या ठरलेल्या पायऱ्यांनी लागतं. पुढची पायरी चार किलोची, म्हणून चार किलोचं भाडं. तुमचा काटा चुकीचा नाही आणि त्यांचा हिशोबही चुकीचा नाही. खोकं चुकीचं आहे.

कापडाला खोकं लागतच नाही. चादर पडली तरी फुटत नाही. घडी दाबून बसवा, आतून साधी प्लॅस्टिकची पिशवी, बाहेरून जाड कुरिअर बॅग. घडी नीट बसली तर पुडकं साधारण ३८ × २८ × ८ मध्ये येईल. त्याचं होतं १.७ किलो. म्हणजे दोन किलोची पायरी, चारच्या जागी दोन. आता गंमत बघा, हेच पुडकं ९ सेंटिमीटर जाड झालं तरी १.९२ किलोच होतं, पायरी तीच. त्या एका सेंटिमीटरच्या जागेत एखादा हातरुमालांचा जोड बसत असेल तर तो विनाभाड्याने जातो. पण ९.५ सेंटिमीटर झालं की दोन किलोच्या वर गेलात, मग पायऱ्या पूर्ण किलोच्या असतील तर तीन किलोचं भाडं. पायरीच्या आत किती जागा शिल्लक आहे हे माहीत असणं यासाठी गरजेचं असतं.

टॉवेलमध्ये हे जास्तच टोकदार आहे. अर्ध्या किलोची पायरी म्हणजे २५०० घन सेंटिमीटर. २५ × २० × ५ चं पुडकं बरोब्बर तेवढं होतं. तेच सहा सेंटिमीटर फुगलं की ०.६ किलो, पुढची पायरी. तुमचा टॉवेल ४५० ग्रॅमचा आहे असं लिहिलंय, म्हणजे काट्यावर तो अर्ध्या किलोत बसतो, फक्त पुडकं फुगू द्यायचं नाही. कुरिअरच्या हबवर, म्हणजे पुडकी गोळा होऊन पुढे जातात त्या केंद्रावर, जे मशीन मोजतं ते पुडक्याची सगळ्यात बाहेर आलेली टोकं धरतं. कुरिअर बॅगेत राहिलेली हवा, वर उभी राहिलेली कड, सुटलेला कोपरा, सगळं माप म्हणून धरलं जातं. बॅग बंद करताना हाताने दाबून हवा काढा, उरलेली कड मागे दुमडून चिकटपट्टीने बसवा. मोजायचं तेही पॅकिंग करून तासभर ठेवल्यावर. टर्किश टॉवेल दाबला की लगेच बसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतो, त्यामुळे ताजं माप घेऊन उपयोग नाही.

कधी खोकं लागलंच, तर खोकंवाला सांगतो ते माप आतलं असतं. कुरिअर बाहेरून मोजतो. भिंतींची जाडी धरा आणि रिकाम्या खोक्याचं वजनही काट्यावर बघा.

आता अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसवरचं तुमचं लिस्टिंग, म्हणजे मालाच्या माहितीचं पान, उघडा आणि पॅकेजच्या मापाचा रकाना बघा. पुष्कळ जण तिथे उघड्या चादरीचं माप भरतात. १५० × २२५ सेंटिमीटरची चादर, जाडी १ सेंटिमीटर धरली तरी ६.७५ किलो होते! कुठे इंचाच्या जागी सेंटिमीटर पडलेलं असतं. वस्तूचं माप वेगळं आणि पॅक केलेल्या पुडक्याचं माप वेगळं. हा रकाना आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

दर ठरतो तो पायरी आणि अंतर दोन्हींवर. शहरातल्या शहरात, विभागात, आणि देशभर असे तीन टप्पे साधारण असतात. ज्या मार्केटप्लेसवर देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे विभाग पाडलेत, तिथे सोलापूरकरांना एक गोष्ट त्रास देते : अहमदाबाद तुमच्या विभागात येतं, पण त्याहून कितीतरी जवळचं हैदराबाद दक्षिणेत जातं आणि देशभराचा दर लागतो. तुमच्याकडची गिऱ्हाइकं तेलंगण-कर्नाटकातली बरीच असणार. म्हणून किंमत ठरवताना विभागाचा स्वस्त दर धरू नका. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा, कुठल्या टप्प्यात किती गेल्या ते बघा, त्यावरून सरासरी भाडं धरा. या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, नसाल तर तो थेट खर्च आहे.

टॉवेल एकेकटा विकू नका, असं मी स्पष्टच सांगेन. पहिली पायरी सगळ्यात महाग असते, पुढच्या स्वस्त. समजा पहिल्या अर्ध्या किलोला ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला २०. एक टॉवेल पाठवला तर त्याच्यावर ५० चा बोजा. दोन मिळून ९०० ग्रॅम, भाडं ७०, म्हणजे टॉवेलमागे ३५. तीन घेतले तर १ किलो ३५० ग्रॅम, अधिक पिशवी, दीड किलोच्या आत, भाडं ९०, टॉवेलमागे ३०. पण हे तुमच्या मार्केटप्लेसचा तक्ता बघून ठरवा. काही ठिकाणी एक किलोनंतरची पायरी पूर्ण किलोची असते, तिथे तीनचा संच दोन किलोत जातो आणि दोनचा संचच फायद्याचा पडतो. दोनशे-अडीचशे रुपयांच्या टॉवेलमधून पन्नास-साठ रुपये भाड्यात गेले, तर विणणाऱ्याला काय द्यायचं आणि तुम्ही काय ठेवायचं? या धंद्यात नफा पॅकिंगच्या टेबलावरच ठरतो हे मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या वेबसाइटवरून अॅग्रिगेटरमार्फत (अनेक कुरिअर कंपन्या एकाच ठिकाणी मिळवून देणारा मध्यस्थ) पाठवत असाल, तर परत आलेल्या मालाचं भाडं वेगळं धरा. गिऱ्हाइकाने घेतलं नाही तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं सहसा तुमच्याच खिशातून जातं. कॅश ऑन डिलिव्हरीत हे जास्त घडतं.

वजनाच्या वादासाठी पुरावा आधीच तयार हवा. आमच्या एका दुलईला एका कुरिअरने दुप्पट वजन लावलं होतं. फोटो होते म्हणून पैसे परत मिळाले. प्रत्येक प्रकारच्या मालाचं पॅक केलेलं पुडकं काट्यावर ठेवून, आकडा आणि लेबल दोन्ही दिसतील असा एक फोटो, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावून तीन फोटो. अॅग्रिगेटरकडे वेट फ्रीजची सोय असेल तर हेच फोटो देऊन माप कायमचं नोंदवून घ्या. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून दर आठवड्याला हिशोब उघडून बघायचाच. महिनाअखेरीला बघितलं तर अर्ध्या तक्रारींची मुदत गेलेली असते.

मर्यादेचं म्हणाल तर तुमच्या मालाला तिची काळजी नाही. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं. दहा चादरींचा गठ्ठा एखाद्या लॉजला पाठवायचा असेल तर मार्केटप्लेसच्या पायऱ्यांऐवजी पोस्टाचा किंवा ट्रान्सपोर्टचा भाव विचारा.

परदेशी मात्र मर्यादा खरोखर आडवी येते. पोस्टाची आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेटची सेवा २ किलोपर्यंतच आहे. एक चादर त्यात बसते, दोन बसत नाहीत. जास्त असेल तर ईएमएस, म्हणजे परदेशासाठीचं स्पीड पोस्ट. विक्रीचा माल असेल तर डाकघर निर्यात केंद्रातून रीतसर कागद करून पाठवा, भेट म्हणून दाखवू नका. आणि अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी आयात शुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे बहिणीच्या ओळखीच्यांना किंमत सांगण्याआधी पोस्टात त्या दिवसाचं शुल्क विचारा, आणि ते कोण भरणार हे पैसे घेण्याआधी ठरवून टाका.