मार्चमध्ये स्वालबार्डला कुत्र्यांची स्लेज स्वतः चालवायची आहे, तयारी काय करावी?

आधी व्हिसा. स्वालबार्ड हा उत्तर ध्रुवाजवळचा नॉर्वेचा द्वीपसमूह. त्याला स्वतःचा व्हिसा नाही, पण विमान मुख्य नॉर्वेतून जातं आणि हा द्वीपसमूह शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे. तिथल्या मुख्य गावात, लाँगयिअरब्येनला उतरलात की तुम्ही शेंगेन सोडलेलं असतं, परतताना पुन्हा आत शिरायचं. म्हणून भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. सिंगल एंट्रीवाले नेमके इथे अडकतात.

मार्च उत्तम: उजेड असतो, थंडी मात्र उणे 15-20 धरून चला. वरचा जाड सूट आणि बूट बहुतेक टूरवालेच देतात. तुम्ही अंगालगत मेरिनो लोकर आणि वर फ्लीस घाला. सुती बनियन अजिबात नको. चढावर स्लेज ढकलताना घाम फुटतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की हुडहुडी भरते. दोन-तीन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, बोटं आधी तिथेच बधिरतात.

स्लेजवर पहिला नियम: पडलात तरी हँडल सोडायचं नाही. कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत! उतारावर ब्रेकवर पाय ठेवा, नाहीतर स्लेज मागच्या जोडीच्या पायांवर चढते. थांबल्यावर ब्रेकवर उभं राहूनच लोखंडी आकडा टाचेने बर्फात रोवा.

ध्रुवीय अस्वलांमुळे गावाबाहेर बंदूकधारी गाइडशिवाय जाऊ नका. आणि हो, हॉटेलात, संग्रहालयात बूट दाराशीच काढतात. कोळशाच्या खाणींच्या काळातली रीत आहे ती, आपल्याला काही नवी नाही. मोजे तेवढे बिनभोकाचे न्या.