गुडघेदुखीसाठी पीईएमएफची (थांबून-थांबून चुंबकीय लहरी सोडणारी) मॅट घ्यावी का? विकणारा म्हणतो रिसर्च आहे

रिसर्च आहे हो, पण कशावर ते बघा. न जुळणारं हाड जुळवायला असलं मशीन अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७९ मध्येच मान्य केलंय, डिप्रेशनसाठी डोक्याला चुंबकीय कॉइल लावतात ते टीएमएस २००८ मध्ये. म्हणजे सरसकट थोतांड नाही, पण त्याच जोरावर कोणी शुगरपासून सायटिकापर्यंत सगळं बरं करायला निघाला की सावध व्हायचं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत डेमो होता, मावशी अर्धा तास मॅटवर झोपली आणि उठून म्हणते गुडघा हलका झाला, अगं दुपारी पाय पसरून पडलीस तर होणारच की! म्हणून तर ट्रायलमध्ये निम्म्या लोकांना बंद मशीन लावतात, कुणाचं चालू ते पेशंटलाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही. सेल्समनच्या फाइलीतले पेपर मी चाळले, एक उंदरांवरचा, दुसऱ्यात बंद मशीनवाला गटच नाही. चाळीस हजार मागत होता वर.

आधी फिजिओकडे जाऊन मांडीचे व्यायाम शिका. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मॅटवर बसूसुद्धा देऊ नका.